वायूला आवरणारा फेस: तेलसाठ्यात सर्फॅक्टंट नेमकं काय करतं

विहीर नवी असताना तेल साठ्याच्या स्वतःच्या दाबावर वर येतं. दाब उतरला की शेजारच्या विहिरींतून पाणी सोडून ते ढकलतात. एवढं करूनही बहुतेक साठ्यांमध्ये मूळ तेलाचा निम्म्याहून जास्त भाग खडकातच अडकलेला राहतो. काही तेल अरुंद छिद्रांत थेंबाथेंबाने धरलेलं असतं, तर काही अशा थरांत असतं जिथे पाणी पोचलेलंच नसतं. तिसरा उपाय म्हणून वायू सोडतात: कार्बन डायऑक्साइड, नैसर्गिक वायू, नायट्रोजन किंवा वाफ. पुरेशा दाबाखाली कार्बन डायऑक्साइड तेलात विरघळतो, तेल फुगवतो आणि पातळ करतो. ज्या छिद्रांतून तो खरोखर जातो तिथे मागे फारच थोडं तेल उरतं.

अडचण आहे ती तिथपर्यंत पोचण्याची. 50 अंश सेल्सियस आणि 150 बार दाबाला कार्बन डायऑक्साइडची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा आतला विरोध, जेमतेम 0.06 सेंटिपॉइज असते. त्याच जागी पाण्याची साधारण 0.5 आणि तेलाची 1 ते 5 किंवा त्याहून जास्त. म्हणजे ढकलणारा वायू ढकलल्या जाणाऱ्या तेलापेक्षा वीस ते शंभर पट पातळ. अशा वेळी वायू तेलाला एकसंध रेषेत पुढे नेत नाही, त्यातून बोटांसारख्या फटी पाडत सुटतो. शिवाय तो हलका असल्यामुळे थराच्या माथ्याला चढतो आणि खालचा भाग कोराच राहतो. साठ्यात एखादा जास्त पार्य, म्हणजे वायू-पाणी सहज जाऊ देणारा, थर किंवा भेग असेल, तर जवळपास सगळा वायू तिथूनच उत्पादन विहिरीत बाहेर पडतो. मग तोच वायू पुन्हा दाबून पुन्हा सोडायचा, आणि त्या दाबण्यालाच पैसा लागतो.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे पाणी आणि वायू आलटून पालटून सोडणं. त्याने फरक पडतो, पण पाणी जड असल्याने खाली बसतं आणि वायू वर जातो. विहिरीपासून काही अंतरावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. याच पाण्यात अर्धा टक्का किंवा त्याहून कमी सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं पृष्ठताण कमी करणारं रसायन, मिसळला, तर वायू आणि पाणी खडकात एकत्र फेस होऊन राहतात. ही कल्पना बाँड आणि होलब्रूक यांच्या 1958 च्या अमेरिकी पेटंटमध्ये आली, आणि 1960 च्या दशकात इलिनॉयमधल्या सिगिन्स तेलक्षेत्रात तिची प्रत्यक्ष चाचणी झाली.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात. हा सर्फॅक्टंट तेल धुऊन काढण्यासाठी नसतो. तेल सुटं करणारे सर्फॅक्टंट वेगळे. त्यांना तेल आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण हजारांश मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणावा लागतो. फेसाच्या सर्फॅक्टंटचं काम वायूचं वाहणं अवघड करण्याचं आहे. तेल काढतो तो वायूच. फेस फक्त त्याला अजून न गेलेल्या जागी जायला भाग पाडतो.

खडकातला फेस बाटलीतल्या फेसासारखा नसतो

भांडी घासताना दिसतो तो फेस म्हणजे शेजारीशेजारी रचलेले बुडबुडे. खडकात तशी जागाच नसते. तिथे वायू आधीच छिद्रांत असतो, आणि फेस म्हणजे छिद्रांच्या अरुंद गळ्यांमध्ये आडवे ताणलेले पाण्याचे पातळ पडदे. त्यांची जाडी काही दहा नॅनोमीटर असते. प्रत्येक पडदा वायूची एक वाट अडवतो. तो पुढे ढकलायचा तर त्याला गळ्यातून ताणत न्यावं लागतं आणि त्यासाठी दाब खर्च होतो. पुष्कळसा वायू पडद्यांमागे जागच्या जागी अडकून पडतो, उरलेला थोडा वाहत्या बुडबुड्यांच्या रांगेतून सरकतो. वायूची श्यानता वाढल्यासारखी दिसते ती या दोन्ही कारणांनी. पाण्याच्या वाहण्याचे नियम मात्र जवळजवळ बदलत नाहीत: खडकात जेवढं पाणी शिल्लक आहे त्या हिशेबाने ते आपल्या बारीक वाटांनी वाहत राहतं.

पडदे तयार होतात तीन प्रकारे. वायू अरुंद गळ्यातून रुंद पोकळीत शिरताना मागचं पाणी गळ्यात परत येऊन वायूचा धागा तोडतं. दोन बाजूंनी आलेला वायू मधलं पाणी पिळून काढतो तेव्हा तिथे एक पडदा मागे राहतो. आणि वाहता पडदा फाट्यावर आला की त्याचे दोन होतात. फेस दाट होतो तो मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराने, आणि त्यासाठी पडदे हलते हवेत, म्हणजे ठरावीक किमान दाबउतार, दर मीटरला उतरणारा दाब, हवा. विहिरीजवळ वेग भरपूर असतो. शंभर मीटर आत गेल्यावर तो फारच उतरलेला असतो. प्रयोगशाळेत जोरात पंप करून मिळवलेला फेस साठ्याच्या आत जुळून येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

शुद्ध पाण्याचा पडदा क्षणभरही टिकत नाही. पाणी आणि हवा यांच्यातला पृष्ठताण 25 अंशांना 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सर्फॅक्टंटने तो 30 च्या आसपास येतो. पण पडदा टिकतो तो नुसता ताण कमी झाल्यामुळे नव्हे. सर्फॅक्टंटच्या रेणूचं पाणी आवडणारं डोकं पडद्याच्या आतल्या बाजूला असतं आणि तेलकट शेपटी वायूकडे. पडद्याच्या दोन्ही पृष्ठांवर सारख्याच विद्युतभाराची डोकी दाटीने बसली की ती पृष्ठं एकमेकांना ढकलतात आणि मधलं पाणी पूर्ण निघून जात नाही. शिवाय पडदा कुठे ताणला तर तिथे रेणू विरळ होतात, ताण वाढतो आणि आजूबाजूचं द्रव पाण्यासकट तिकडे ओढलं जातं. त्या जागेची अशी आपोआप डागडुजी होते.

पडद्यांचा मुख्य शत्रू कोरडेपणा. वायूचं प्रमाण वाढत जातं तसतसं खडकातलं पाणी कमी होतं आणि केशिका दाब, म्हणजे बारीक छिद्रांतला वायू आणि पाणी यांच्या दाबांतला फरक, वाढतो. हा दाब पडद्यातलं पाणी शोषून घेतो. एका मर्यादेपलीकडे पडदे धडाधड फुटतात. ती मर्यादा सर्फॅक्टंटचा प्रकार, त्याची तीव्रता, मीठ आणि खडक यांच्यावर ठरते. एकूण प्रवाहात वायू किती टक्के, याला फोम क्वालिटी म्हणतात. ती कमी असताना फेस ओला असतो आणि वाढवत नेली तर त्याचा अडथळा वाढत जातो. एका टोकाला पोचल्यावर तो उतरू लागतो. हे टोक कुठे आहे, हे आपल्याच खडकावर आणि आपल्याच पाण्यात मोजावं लागतं. दुसऱ्या क्षेत्राचा आकडा उचलून चालत नाही.

यातच फेसाचा खरा मोठा गुण दडलेला आहे. जास्त पार्य खडकाची छिद्रं मोठी, म्हणून तिथला केशिका दाब कमी, म्हणून तिथे पडदे जास्त टिकतात. घट्ट खडकात ते लवकर फुटतात. त्यामुळे ज्या थरातून वायू पळून जात होता, त्याच थरात फेस सर्वांत बळकट होतो आणि वायू घट्ट थरांकडे वळतो. विहिरीत रबरी अडसर बसवून थर बंद करता येतात, पण साठ्याच्या आत दूरवर ही निवड फेसच करू शकतो.

तेल फेस मारतं, आणि हे काही प्रमाणात चांगलंच आहे

तेलाचा थेंब पडद्यात शिरला, दोन्ही बाजूंना टेकला की पडदा फुटतो. तो शिरेल का, याचा अंदाज पृष्ठताणांवरून बांधता येतो. पाणी-वायू ताणात पाणी-तेल ताण मिळवायचा आणि त्यातून तेल-वायू ताण वजा करायचा. उदाहरणार्थ 30 अधिक 2, वजा 22, म्हणजे 10. उत्तर धन आलं, म्हणजे तेलाला पडद्याच्या पृष्ठात शिरायला ऊर्जेची अडचण नाही. आता 30 मधून 2 आणि 22 दोन्ही वजा करा: 6. हेही धन, म्हणजे तेल पृष्ठावर पसरेलही. हे आकडे धोका दाखवतात, निकाल देत नाहीत. तेलाचा थेंब आणि वायू यांच्यामध्येही पाण्याचा एक पडदा असतो. तो बळकट असेल तर आकडे प्रतिकूल असूनही फेस तगतो. हलकं तेल साधारणपणे फेसाला जास्त मारक ठरतं.

म्हणून तेलाला अजिबात न जुमानणारा फेस हवा, हा आग्रह मला बरोबर वाटत नाही. वायूने धुतलेल्या भागात तेल थोडं उरलेलं असतं. तिथे फेस टिकावा. न धुतलेल्या भागात तेल भरपूर असतं. तिथे फेस फुटला तर वायू मोकळेपणाने तेलाला भिडतो. आपल्याला हवा तो सर्फॅक्टंट उरलेल्या तेलात टिकणारा, भरपूर तेलात हार मानणारा.

कोणता सर्फॅक्टंट

सर्वांत जास्त वापरला गेलेला म्हणजे अल्फा ओलेफिन सल्फोनेट, 14 ते 16 कार्बनच्या शेपटीचा. शाम्पू आणि कपड्यांच्या पावडरीतही तो असतो, त्यामुळे मोठ्या प्रमाणात आणि परवडेल अशा दरात मिळतो. सल्फोनेटमध्ये कार्बन थेट गंधकाला जोडलेला असतो आणि तो बंध उष्णतेत टिकतो. याउलट सोडियम लॉरिल सल्फेटसारख्या सल्फेटमध्ये मध्ये ऑक्सिजन असतो. साठ्याच्या तापमानाला, विशेषतः आम्ल पाण्यात, तो बंध पाण्याने तुटतो. सल्फेट खोलीतल्या तापमानाला सुंदर फेस देतं म्हणून ते निवडणारे इथे फसतात.

बिगरआयनी, म्हणजे विद्युतभार नसलेले, सर्फॅक्टंट खारं पाणी आणि कॅल्शियम छान सोसतात, पण एका तापमानावर त्यांचं द्रावण गढूळ होतं आणि ते पाण्याबाहेर पडतात. तो बिंदू साठ्याच्या तापमानापेक्षा वर असायला हवा. त्यांच्यातले काही कार्बन डायऑक्साइडमध्येही विरघळतात, म्हणजे वायूबरोबरच सोडता येतात. बीटेन प्रकारचे, म्हणजे धन आणि ऋण असा दुहेरी भार असलेले, सर्फॅक्टंट मुख्य सर्फॅक्टंटबरोबर थोडे घातले तर पडदे तेलासमोर जास्त टिकतात. इथॉक्सिलेटेड अमाइन्सचा गट कार्बन डायऑक्साइडसाठी खास उपयोगी: तो वायू विरघळून पाणी आम्ल झालं की या रेणूवर धन भार येतो आणि मग तो पाण्यात नीट विरघळून फेस धरतो.

हा भार महत्त्वाचा, कारण खरा खर्च खडक ठरवतो. वालुकाश्माचं पृष्ठ साधारणपणे ऋण भाराचं, म्हणून ऋण सल्फोनेट त्याला कमी चिकटतात. चुनखडक आणि डोलोमाइट यांच्या पृष्ठावर बहुधा धन भार असतो. तिथे तेच सल्फोनेट भराभर बसतात. याला अधिशोषण म्हणतात, आणि ते ग्रॅमभर खडकामागे 0.1 ते 1 मिलिग्रॅम या टप्प्यात बऱ्याचदा सापडतं.

आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब करून पाहू. सच्छिद्रता 20 टक्के, खनिजाची घनता 2.65. एक घनमीटर जागेत 2120 किलो खडक आणि 200 लिटर छिद्रं. अधिशोषण 0.2 मिलिग्रॅम धरलं तर एवढा खडक 0.42 किलो सर्फॅक्टंट गिळतो. ती 200 लिटर छिद्रं 0.5 टक्के द्रावणाने भरली तर आत जातो 1 किलो. त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त खडकाला गेला, उरलेला कामाला आला. तेच द्रावण 0.1 टक्क्याचं असेल तर आत जातो फक्त 0.2 किलो. खडकाची भूक भागवायलाच छिद्रं दोनदा भरावी लागतात आणि तोवर पुढच्या टोकाला साधं पाणी चालत असतं. फेस मात्र तिथे अपेक्षित धरलेला असतो. विहिरीभोवती 10 मीटर जाडीच्या थरात 50 मीटर त्रिज्येपर्यंत जायचं तर नुसत्या अधिशोषणाला सुमारे 33 टन लागतील, आणि 100 मीटरपर्यंत जायचं तर चौपट. अधिशोषण मोजल्याशिवाय मागवलेला सर्फॅक्टंट म्हणजे अर्धवट राहिलेली चाचणी, हे जवळजवळ ठरलेलं.

प्रयोगशाळेत काय तपासायचं

पहिली परीक्षा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी: सर्फॅक्टंट साठ्याच्या खऱ्या पाण्यात आणि सोडायच्या पाण्यात घालून साठ्याच्या तापमानाला काही आठवडे बंद काचनळीत ठेवायचा. गढूळपणा, साका, दोन थर दिसले की तो बाद. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात सल्फोनेट साक्यासारखे खाली बसतात आणि तोच साका पुढे विहिरीच्या तोंडाशी छिद्रं बुजवतो. यानंतर कुटलेल्या खडकावर अधिशोषण मोजायचं.

उंच नळीत फेस करून त्याची उंची निम्मी व्हायला किती वेळ लागतो, हे सगळेच मोजतात. वाईट उमेदवार गाळायला ते ठीक आहे. पण खडकात पडदे सतत फुटतात आणि सतत नवे होतात. तिथे वयापेक्षा नव्याने जन्मण्याची गती जास्त मोलाची. निवड करायची ती खडकाच्या कोअरमधून (विहिरीतून काढलेल्या दंडगोल नमुन्यातून), साठ्याच्या दाबाला आणि तापमानाला, उरलेल्या तेलासह. एकूण प्रवाह स्थिर ठेवून फोम क्वालिटी 50 पासून 95 टक्क्यांपर्यंत पायरीपायरीने वाढवायची आणि प्रत्येक पायरीला दाब स्थिरावू द्यायचा. मग तीच मालिका कमी वेगाला, आणि कोअर आधी सर्फॅक्टंटने तृप्त केलेला असताना व नसताना. फेसासह दाबफरक भागिले फेसाशिवायचा दाबफरक, हे गुणोत्तर म्हणजे फेसाचा जोर. तो हजार आला म्हणून आनंद मानायचं कारण नाही. एवढ्या अडथळ्याचा फेस खडक न फोडता विहिरीतून आत ढकलता येत नाही. प्रत्यक्षात काही दहापट अडथळा वापरण्यासारखा असतो.

क्षेत्रावर

सोडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक, द्रावण आणि वायू एकाच वेळी. यात फोम क्वालिटी हातात राहते, पण फेस विहिरीच्या तोंडाशीच तयार होतो, दाब चढत जातो आणि लवकरच खडक फुटण्याच्या मर्यादेला भिडतो. दुसरी, आधी द्रावणाचा हप्ता, मग वायूचा. वायू विहिरीजवळचं द्रावण वाळवतो, तिथला फेस फुटतो आणि वायू सहज आत जाऊ लागतो. पुढे ओलाव्यात मात्र फेस उभा राहतो. दाबाची सगळी ताकद तिथे, जिथे ती हवी. बहुतेक ठिकाणी मी दुसरीच निवडावी म्हणेन.

नॉर्वेच्या उत्तर समुद्रातल्या स्नोर क्षेत्राचा अनुभव याच बाजूचा आहे. वालुकाश्माचा, थराथरांचा हा साठा. तिथे पाणी आणि वायू आलटून पालटून सोडले जात होते आणि वायू फार लवकर उत्पादन विहिरीत पोचत होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे अल्फा ओलेफिन सल्फोनेटचं द्रावण समुद्राच्या पाण्यात करून सोडलं गेलं. एकूण सुमारे 2000 टन सर्फॅक्टंट गेला. तेलउद्योगातला तोवरचा हा सर्वांत मोठा फेसप्रयोग. द्रावण आणि वायू असे हप्त्याहप्त्याने सोडल्यावर वायू उशिरा आला, कमी आला, आणि बराचसा वायू साठ्यातच थांबला. कार्बोनेट खडकातलं उदाहरण न्यू मेक्सिकोमधल्या ईस्ट व्हॅक्यूम युनिटचं. तिथे कार्बन डायऑक्साइडबरोबर फेस वापरल्यावर, जास्त पार्य वाटेने जिच्यात वायू घुसत होता त्या उत्पादन विहिरीतला वायू घटला.

जमिनीवरची कामं साधी वाटतात, पण प्रकल्प रखडतो तो बहुधा तिथेच. सल्फोनेट द्रवरूपात साधारण 38 टक्के सक्रिय घटकाचा येतो. दिवसाला 500 घनमीटर पाणी 0.5 टक्क्याने सोडायचं तर सक्रिय घटक 2.5 टन, म्हणजे टँकरमधला माल सुमारे 6.5 टन. थंडीत तो घट्ट होतो. टाकी आणि नळी गरम ठेवावी लागते. पाण्यात मिसळताना नळीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ठेवायचं आणि ढवळणं सावकाश, नाहीतर टाकीतच फेस होऊन पंप हवा ओढतो. मिसळल्यावर प्रत्येक पाळीत नमुना घेऊन तीव्रता मोजायची. मीटर सांगतो आणि विहिरीत जातं यात फरक पडलेला असतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकाच विहिरीत आलटून पालटून जाणार असतील तर साध्या पोलादाच्या नळ्या गंजतात, हेही आधीच पाहायचं.

सुरुवातीपूर्वी किमान एक पूर्ण चक्र सर्फॅक्टंटशिवाय नोंदून ठेवायचं, ट्रेसर (बाहेर आल्यावर ओळखता येणारा खुणेचा पदार्थ) सोडून वायूची वाट ओळखायची आणि तळाचा दाब सतत मोजायचा. नंतर दाब वाढला म्हणजे फेस झाला असं लगेच धरू नये. साका बसला किंवा छिद्रं बुजली तरी दाब वाढतो. फरक असा ओळखायचा: फेस असेल तर वायूच्या हप्त्यात दाब जास्त दिसतो आणि नुसतं पाणी बराच काळ सोडल्यावर तो उतरत जातो, बुजलेली छिद्रं पाण्यालाही तेवढाच त्रास देत राहतात. दाब अजिबात वाढला नाही तर आधी अधिशोषणाचा हिशेब उघडायचा, मग भेगेचा संशय घ्यायचा. उघडी रुंद भेग असेल तर तिच्यात पडदे धरायला गळेच नसतात. तिथे फेसाआधी भेग बुजवणाऱ्या जेलचा विचार करावा.

उत्पादनाच्या बाजूला सर्फॅक्टंट बाहेर आला तर सेपरेटरमध्ये, म्हणजे तेल, पाणी आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीत, फेस आणि तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण होतं. फेस बसवणारं सिलिकॉनयुक्त रसायन तिथे तयार ठेवायचं, पण सेपरेटरनंतरचं पाणी पुन्हा साठ्यात सोडलं जात असेल तर त्याची मात्रा मोजूनमापूनच, कारण तेच रसायन आतला फेसही मारतं.

मुंबई हायच्या संदर्भात हा विषय निघतो तेव्हा स्नोरचं उदाहरण पुढे केलं जातं, ते निम्मंच लागू आहे. समुद्रावरची मर्यादित जागा, द्रावणासाठी समुद्राचं पाणी, थराथरांचा साठा, एवढं साम्य आहे. पण 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकाचा आहे. वालुकाश्मात चाललेला सल्फोनेट तिथे खडकाला चिकटून संपण्याचा धोका मोठा. म्हणून तिथे सुरुवात फेसाच्या उंचीने करू नये. धन किंवा दुहेरी भाराचे सर्फॅक्टंट साठ्याच्या तापमानाला टिकतात का आणि त्या चुनखडकाला किती चिकटतात, हे दोन आकडे आधी हवेत.